दोन डाव्या बाजूंचा कोट

दिलावरभाईंना टेलर म्हटलेलं चालत नसे. वाशीमकडच्या मालेगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कोणी नवीन माणूस कापडाची पिशवी घेऊन आला आणि "टेलर हायेत का?" असं विचारू लागला, की ते मान वर न करता आत बोट दाखवायचे. आत मशीनवर त्यांचा मुलगा तनवीर. "टेलर तिकडे बसला हाय. मी कटिंग मास्टर." बिचारा माणूस आत जायचा, तनवीर त्याला पुन्हा बाहेर पाठवायचा. कारण माप बाहेर, कापड बेतणं बाहेर, आत नुसती शिलाई. माझं मॅचिंग सेंटर त्यांच्या दुकानाला लागून आहे, मधली पत्र्याची भिंत छातीएवढीच. त्यामुळे हे नाटक मला फुकटात बघायला मिळायचं.

मी निता. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, लेस आणि बटणं विकते. माहेर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं, सासर मालेगावचं. तोंड मला देवानं जरा सढळ हातानं दिलंय, असं सासूबाई म्हणायच्या. दिलावरभाईंनाही काही कमी दिलेलं नाही. दोन दुकानांत दिवसभर चालते ती गंमत, आणि गिऱ्हाईकही त्या गमतीसाठी रेंगाळतं.

त्यांचे वडील आठवडी बाजारात मशीन घेऊन बसायचे. सायकलच्या कॅरियरला मशीन बांधायची, आज रिठदचा बाजार, उद्या दुसऱ्या गावचा. झाडाखाली बसून बंड्या आणि पायजमे शिवून द्यायचे. दिलावरभाई वयात आल्यावर अकोल्याला एका उस्तादाकडे राहिले. उस्तादानं पहिलं वर्ष कैचीला हात लावू दिला नाही, खाली पडलेले तुकडे गोळा करायला लावले. तुकडा बघून तो कशातून उरला ते सांगायचं, हीच शाळा. तिथून ते परत आले ते एक जड कैची आणि "कटिंग" हा शब्द घेऊन. वडील म्हणायचे "बेतणं", हे म्हणू लागले "कटिंग". पाटीवरही मोठ्या अक्षरात तेच रंगवलं.

माणूस मोठा फटकळ. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा सरवरीभाभी चहाचा ट्रे घेऊन समोर आल्या. सगळे चेहरा बघत होते, हे बाही बघत होते. न राहवून म्हणाले, "बाही मागून ओढते. कोनं कापली?" भाभी म्हणाल्या, "म्याच." भाभींनी ट्रे ठेवला आणि म्हणाल्या, "मंग तुमी कापून देजा." लग्न तिथंच ठरलं. भाभी अजून कोणी पाहुणा आला की ही गोष्ट काढतात आणि दिलावरभाई उठून पाणी प्यायला जातात.

त्यांच्या कामाचा एक कायदा होता. खडूनं खुणा करेपर्यंत बोला, हसा, राजकारण करा. कैची उचलली की तोंड बंद. त्या वेळी कोणी काही विचारलं तर एक बोट वर. आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा त्या बोटाला मान देतं. मीही समोर गिऱ्हाईक असलं तरी आवाज खाली आणायचे, आणि मी आवाज खाली आणणं ही साधी गोष्ट नाही.

आणि त्यांचं एक वेड होतं. त्यांचं म्हणणं, जगात जिथं जिथं "कट" आहे, तो आमच्या टेबलावरून गेला. फुलचंद चहावाला ओरडला, "दोन कटिंग!" की हे म्हणायचे, "पाह्य, आमचा शब्द." न्हाव्याकडे कटिंग, पेपरातलं कटिंग, फोन कट झाला, लाईट कट झाली, मोटरसायकलवाल्या पोरानं कट मारला, अकरावीचा कट-ऑफ लागला, सगळ्यावर यांचा हक्क. मी म्हणायचे, "भाई, एवढा गरीब कसा हो तुमचा इंग्रज? त्याच्याकडे सगळ्याले एकच शब्द. आमच्याकडे पाहा. सोयाबीन सोंगतात, ऊस तोडतात, भाजी चिरतात, झाड छाटतात, सुपारी कातरतात, नखं काढतात, कापड बेततात. चुकून कोणी नखं सोंगतो म्हनलं तर लोक हसतीन." ते म्हणायचे, "ज्याच्याकडे एकच चांगली कैची हाय, त्याले दहा इळे कायले पाह्यजेत?" मग मी गिऱ्हाईकाकडे वळायचे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला कमलीबाई आल्या. आमच्याच मानोऱ्याकडच्या, मी त्यांना मावशी म्हणते. मावशी आणि त्यांचे मालक धरमसिंग काका दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे. मुलगा अमरदीप आश्रमशाळेत शिकला, पुढे एम.ए. झाला आणि इथंच मालेगावात ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायला लागला. त्यानं आता आईबापाचं ऊसतोडीला जाणं बंद केलं होतं. त्याचं लग्न मेमध्ये ठरलं होतं.

मावशींनी पिशवीतून कापड काढलं आणि टेबलावर उलगडलं. राणी रंग. साधासुधा नाही, तांड्यावरच्या बाईला शोभेल असा ठसठशीत राणी, आणि त्यावर सोनेरी गोल बुट्टे. माझं तर मन भरून आलं. मला असे रंग आवडतात, मी काय करू!

"नवरदेवाचा कोट," मावशी म्हणाल्या. "बंद गळ्याचा."

दिलावरभाईंनी कापड दोन बोटांत चोळलं. "कुठून घेतलं?"

"कारखान्यापाशी बाजार भरते. शेवटच्या साली कारखाना बंद व्हायच्या टायमाले घेतलं. पेटीत ठेवलं होतं." मग त्यांनी कापडावरची एक घडी हातानं मोडली. "मास्तर, या पोराले म्या कधी कापड घेतलंच नाई. गणवेश आश्रमशाळेचा. दिवाळीले आमी उसात, तवा त्याच्या मामानं घेतलं ते. लहानपनापासून त्याच्या अंगावर दुसऱ्याचंच पाह्यलं. मांडवात त्याच्या अंगावर म्या घेतलेलं कापड पाह्यचं हाय मले. बाकी काई नाई."

दिलावरभाई एरवी अशा वेळी काहीतरी टोला मारतात. त्या दिवशी मारला नाही. "होईल," एवढंच म्हणाले.

अमरदीप आईच्या मागे उभा होता. चांगला उंच, खांद्यानं भरलेला जवान. माप देताना "हो याडी, चांगलं हाय याडी," म्हणत होता. याडी म्हणजे आमच्यात आई. पण मावशी बसला निघून गेल्या तसा माझ्या काउंटरला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, कॉलेजचा सगळा स्टाफ येणार आहे हो लग्नाले. मी नेव्ही ब्लू डोक्यात धरला होता."

"मग सांगायचं होतं आईले."

"कसं सांगू?" खरंच, कसं सांगणार. पण राग आला थोडा, हेही खरं.

कापड बेतायचा दिवस उजाडला. दुपारची वेळ होती, ऊन मी म्हणत होतं आणि गल्ली ओस पडली होती. त्या बुट्ट्यांमुळे दिलावरभाईंनी एक वेगळी पद्धत धरली होती. एरवी कापड दुमडून समोरच्या दोन्ही बाजू एकदम कापतात, मग एक डावी, एक उजवी आपसूक निघते. पण तसं केलं तर बुट्टे बटणपट्टीवर एकमेकांना भेटले नसते. म्हणून ते एकेरी कापड पसरून एकेक बाजू कापणार होते. खाकी कागदाचा फर्मा ठेवायचा, डावी बाजू काढायची, मग फर्मा उलटवून उजवी. या धंद्यातली ही पहिलीची बाराखडी आहे.

डावी बाजू सुरेख निघाली. दुसरीसाठी कापड सरकवताना अमरदीप सर आला, कशाला तर बाहीचं माप पुन्हा बघायला. मला वाटतं, काही बहाणा करून रंगाचा विषय काढावा असं त्याच्या मनात होतं. स्टूलवर बसला. दिलावरभाईंच्या हातात खडू होता, म्हणजे बोलायची परवानगी होती.

"सर, तुमी इंग्रजीवाले," ते म्हणाले. "या निताताईले एकदा सांगून टाका. कटिंग शब्द पह्यला कपड्याचाच ना?"

रंगाचा विषय राहिला बाजूला. मास्तरला मास्तर भेटला. अमरदीपचा चेहरा एकदम उजळला, कॉलेजात पोरांनी कधी असं आपणहून विचारलं नसेल त्याला.

"नाही मास्तर," तो म्हणाला. "कट हा शब्द तिकडे फार जुना बी नाही. त्याच्या आधी त्यांच्याकडे दुसरे शब्द होते. लाकूड, मटण कापायचं तर कार्व्ह. मेंढ्याची लोकर उतरवायची तर शिअर. सात-आठशे वर्षांमागं हा कट कुठून तरी घुसला. कुठून, हे पक्कं कोणालाच माहीत नाही. समुद्रावरून उत्तरेकडचे लोक यायचे, त्यांच्या बोलीत छोट्या चाकूले असाच काही शब्द होता. तिथून आला असावा म्हणतात."

"चाकू?" दिलावरभाईंचा चेहरा पडला. "कैची नाई?"

"चाकू."

"म्हंजे बाहेरून आला, अन् घरच्याइले कोपऱ्यात बसवून मालक झाला."

"तसंच म्हणा."

मी पत्र्यावरून हसले. "पाहा भाई, त्याइच्याकडे बी पह्यले वेगवेगळेच शब्द होते. मी काय सांगत होते?"

दिलावरभाईंनी फर्मा कापडावर ठेवला, खडू फिरवला आणि कैची उचलली. आता बोट वर जाणार, म्हणून मी गप्प झाले. पण अमरदीप काही थांबायला तयार नव्हता.

"पण मास्तर, तुमचंही एका अर्थानं बरोबर आहे. शर्ट, स्कर्ट, शॉर्ट, हे तिघं एकाच घरचे. कापून आखूड केलेलं ते. अन् आपली कातर, कातरणं, ते बी त्याच खानदानातलं, लांबच्या नात्यानं."

बोट वर गेलं नाही. कैची चालू झाली आणि दिलावरभाई बोलले! "सांगा, निताताईले सांगा! शर्ट कोनाच्या टेबलावर होते?"

"अन् टेलर," अमरदीप म्हणाला.

"त्याचं नाव नका काढू."

"ऐका तर. टेलर हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ शिवणारा नाही. कापणारा."

कैची मधेच थांबली, मग पुन्हा चालली. "काय म्हनता?"

"कापणारा. टेलर म्हणजे मुळात कटिंग मास्टरच."

"म्हंजे एवढी उमर लोक मले टेलर म्हनत होते, तवा ते मले..."

"मानच देत होते."

आतून तनवीर ओरडला, "अब्बा, मंग मी कोन?" आणि आम्ही सगळे हसलो. अमरदीप मला म्हणाला, "ताई, तुमचं रिटेल बी त्याच घरचं. ताग्यातून तुकडा कापून विकायचा, ते रिटेल." मला कोण आनंद झाला. सासऱ्यांनी दुकानाच्या पाटीवर "रिटेल" रंगवून घेताना एवढा विचार केला नसेल. दिलावरभाई हसत होते, बोलत होते आणि कैची खालपर्यंत चालत गेली.

मग त्यांनी दोन्ही बाजू उचलल्या आणि बुट्टे जुळवायला शेजारी ठेवल्या. हसू तसंच तोंडावर राहिलं. एक बाजू उचलून दुसऱ्या अंगानं ठेवली. पुन्हा उचलली. मी काउंटरवरून बघत होते, मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. दोन्ही बाजूंना बटणपट्टी एकाच अंगाला होती, बगलेचा गोल एकाच अंगाला. फर्मा उलटवायचा राहिला होता. दोन्ही डाव्याच.

कापड पालटून घालावं, तर मागची बाजू फिक्की, बुट्ट्यांचे नुसते धागे. उरलेल्यात उजवी बाजू बसणार नव्हती, पाठ आणि बाह्यांपुरतंच होतं ते.

दिलावरभाई खुर्चीवर बसले. त्यांचे हात मांडीवर पडले ते तसेच राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी माझं लक्ष अमरदीपकडे गेलं. त्याचे खांदे खाली आले होते, सुटकेनं. वाईट माणूस नाही हो तो. पण सुटल्यासारखं झालं त्याला, आणि ते मी पाहिलं तसं दिलावरभाईंनीही पाहिलं.

"मास्तर, जाऊ द्या," तो म्हणाला. "मनाले लावून घेऊ नका. मी वाशीमले जाऊन रेडीमेड घेतो. याडीले सांगतो, कापड कमी पडलं."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सगळ्या व्यापाऱ्यांना फोटो पाठवला, वाशीमला जाऊन दुकानं पालथी घातली. राणी मिळाला, सोनेरी बुट्टे मिळाले, पण तो राणी आणि ते बुट्टे एकत्र मिळाले नाहीत. तनवीर म्हणाला, "थोडं जवळचं भेटलं तरी चालते, मांडवात कोन बारकाईनं पाह्यते?" दिलावरभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मशीनवर जाऊन बसला.

सरवरीभाभी डबा घेऊन आल्या, कारण आदल्या दिवशीचा डबा तसाच परत गेला होता. त्यांनी टेबलावरचे दोन तुकडे पाहिले. "त्या बाईले सांगतलं का?"

"काय सांगू? बोलता बोलता तुह्या पोराचा कोट खाल्ला म्हनू?"

"हो. तसंच म्हना. माही बाही वाकडी कापली म्हनून तर सगळ्या पाव्हन्यात बोलले होते तुमी. आता सोताचं बोला." डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवून त्या निघून गेल्या.

पण दिलावरभाईंनी फोन करायच्या आतच कमलीबाई येऊन उभ्या राहिल्या. कापड कमी पडलं, असं पोरानं सांगून टाकलं होतं. उन्हात बसमधून आलेल्या, पदर खोचलेला, मागे धरमसिंग काका पिशवी धरून. आणि त्यांच्यामागे धापा टाकत अमरदीप, त्याला कोणीतरी कळवलं असावं. मावशींचा आवाज पार फुलचंदच्या टपरीपर्यंत गेला.

"मास्तर, माहं कापड कमी कसं पडलं? म्या दुकानदाराले कोटाचं सांगून घेतलं. वर हातभर जास्तीचं घेतलं. ते कुठी गेलं?"

कापड मारणं, म्हणजे गिऱ्हाईकाचं कापड ढापणं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शिवी. तिच्यापुढे आईबहिणीवरून दिलेली शिवी परवडली. गल्लीतली माणसं थांबली. दिलावरभाई खोटं तसंच चालू देऊ शकत होते. नाव गेलं असतं, पण पोरगा वाचला असता आणि गोष्ट मिटली असती. किंवा खरं सांगून पोराला आईपुढे खोटा पाडायचं. मी मनात म्हटलं, भाई, आता काय करता?

ते उठले. "बाई, कापड कमी नाई पडलं. पुरून उरलं असतं. माह्या हातानं बिघडलं." त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर पसरले. "दोन्ही डाव्या कापल्या. सरनं माहं नाव वाचवासाठी तसं सांगतलं."

नाव वाचवण्यासाठी! मी अमरदीपकडे पाहिलं. त्याची मान खाली होती, कान लाल झाले होते.

मावशी तुकड्यांवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, पण रडल्या नाहीत. तशाच, वर न बघता बोलल्या. "अमरदीप, तुले हा रंग नको होता. मले माहीत हाय. माप देताना तुहं तोंड पाह्यलं होतं म्या."

"याडी..."

"पन तू हो म्हनला, म्हनून म्या गप रायले. मले वाटलं, एकदा अंगावर आला म्हंजे आवडीन." मग दिलावरभाईंना म्हणाल्या, "मास्तर, वाया जाऊ देऊ नका. कोनाच्या तरी अंगाले होईन असं करा. झोळी करा, टोपी करा, काईबी करा. पेटीत पुन्हा नको."

दिलावरभाई तुकडे फिरवून फिरवून बघत होते. मग त्यांची नजर वर आली ती रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या धरमसिंग काकांवर थांबली. काका म्हणजे वाळलेला बोंबील, उंचीनं पोराच्या खांद्याला लागतील. दिलावरभाईंनी फर्मा उचलला, तो उलटवला आणि मग डोकं खाली, पाय वर असा त्या दुसऱ्या तुकड्यावर ठेवला. त्यांचे डोळे चमकले. बटणपट्टीची कड बरोबर कडेला लागली होती. बगलेचा गोल खाली आला होता, तिथं कापड अरुंद होत होतं. भरल्या अंगाच्या माणसाला ते कमी पडलं असतं, पण बारक्या माणसाला नाही. गोल बुट्ट्यांना ना डोकं असतं ना पाय, ते उलटे की सुलटे कोण सांगणार!

"धरमसिंगभाऊ, इकडे या."

"मी?"

"तुमीच. हात पसरा."

काका घाबरले. "मले कायले कोट? म्या जन्मात कधी घातला नाई. लोक हासतीन."

"उभे राहा," मावशी म्हणाल्या. काका उभे राहिले. माप घेताना त्यांनी श्वास असा रोखून धरला होता, की दिलावरभाईंना सांगावं लागलं, "भाऊ, श्वास घ्या, कोट घातल्यावर बी घ्यावा लागते."

त्यानंतर कैची चालली तेव्हा गल्लीत कोणी चकार शब्द काढला नाही. अमरदीपही नाही.

कोट शिवून झाला. अस्तर मी दिलं, त्यातल्या त्यात चांगलं. आणि गल्लीत एक बदल झाला, तो सांगायलाच हवा. आता कोणी "टेलर हायेत का?" विचारलं की दिलावरभाई ताठ होऊन म्हणतात, "मीच." समोरच्याला वेळ असो नसो, पुढे त्याचा अर्थही सांगतात, फ्रेंचसकट. तनवीरची मात्र पंचाईत झालीय. त्याच्या वाट्याला शब्दच उरला नाही. तो म्हणतो, "सर, मले बी एखादं नाव शोधा ना." अमरदीप म्हणतो, शोधतो.

लग्नाला आम्ही सगळे तांड्यावर गेलो. दिलावरभाई, भाभी, तनवीर, मी आणि माझे मालक एका गाडीत दाटीवाटीनं. मे महिन्याचं ऊन आणि त्यात कोट, त्यामुळे नवरदेव नेव्ही ब्लूमध्ये घामानं डबडबलेला. छान दिसत होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मांडवाच्या मधोमध धरमसिंग काका राणी रंगाच्या कोटात उभे होते. ज्यांना लोक हसतील अशी भीती होती त्यांच्याभोवती कॉलेजचा सगळा स्टाफ फोटोसाठी रांग लावून उभा. प्राचार्यांनी दोनदा काढून घेतला, पहिल्यात त्यांचे डोळे मिटले होते म्हणून. काका प्रत्येक फोटोला हात शरीराला चिकटवून उभे राहत होते आणि तोंड मात्र कानापर्यंत गेलेलं. मावशी लांबून बघत होत्या. पंगतीचं बघायचं सोडून बघत होत्या.

लग्न लागलं, पाहुण्यांची जेवणं झाली. दुपार कलल्यावर मांडवात शेवटच्या पंगतीला घरचीच माणसं उरली. तेव्हा अमरदीप काकांजवळ आला. त्यानं आपला कोट काढून खुर्चीवर टाकला.

"बा, मले घालू द्या एकदा."

काकांनी घाईघाईनं कोट उतरवला. अमरदीपनं एक हात घातला, बाही कोपराच्या जरा खाली येऊन थांबली. दुसरा हात अर्ध्यातच अडकला. पाठ आवळली, शिवण करकरली तसे दिलावरभाई हातात ताट घेऊनच उठले. "सर, काढा, फाटीन!" बायका हसायला लागल्या. अमरदीप हसला नाही. एक हात कोटात आणि एक बाहेर, तसाच उभा राहिला, आणि एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरून आले.

मावशी पुढे आल्या. त्यांनी हळूहळू त्याचा हात बाहीतून सोडवला, लहान पोराचा सोडवावा तसा. "राहू दे रे," त्या म्हणाल्या. "दिवाळीले दुसरं घेईन तुले. औंदा दिवाळीले मी घरीच हाय."

अमरदीपनं डोळे पुसले. "घे," तो म्हणाला. "पन राणीच घेजो."

मावशी कोट काकांच्या अंगावर चढवून एकेक बटण लावत बसल्या. हातातलं ताट तसंच धरून दिलावरभाई माझ्याकडे वळले.

"निताताई," ते म्हणाले, "दिवाळीचं अस्तर आत्ताच बाजूले काढून ठेवा."